घारीला आणायला

घार आज पुन्हा भलत्याच शेतात उतरली होती. घार म्हणजे तिचा नवरा; हे नाव क्लबातल्यांनी ठेवलेलं. ग्लायडरला इंजिन नसतं, वर उचलणारी हवा संपली की मिळेल त्या शेतात टेकायचं. मग बायकोने हातातलं शिवण टाकायचं, गाडीला तो लांबलचक ट्रेलर जोडायचा आणि निघायचं. लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं, आणि आता तिला खरंच कंटाळा आला होता.

त्याने फोनवर पाठवलेल्या नकाशातल्या खुणेकडे गाडी वळवताना ती मनातल्या मनात भांडत होती. डोळे दाखवा म्हटलं की हा माणूस कानाडोळा करतो. सुईत दोरा ओवून मागितला तर म्हणे वेळ नाही. आज सोक्षमोक्षच लावायचा. ग्लायडर विका, नाहीतर आणायला दुसरी बघा.

तो पंखाच्या सावलीत बसला होता.

"आलीस?"

"न येऊन सांगते कुणाला!"

ती गाडीतून उतरली आणि कुंपणापलीकडे बघतच राहिली. क्लबचं ग्लायडर ठेवायचं हिरव्या छपराचं हँगर हाकेच्या अंतरावर होतं. धावपट्टी तर त्याच्याही अलीकडे.

"क्लब किती लांब राहिला गं इथून?" त्याने विचारलं. "शोधता शोधता उंचीच संपली."

भांडायचं विसरून ती एकदा हँगरकडे, एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघू लागली.

"असेल बराच," ती म्हणाली.

पंख सोडवायला दोन माणसं लागतात. एकाने टोक पेलायचं, दुसऱ्याने मुळाशी असलेली खीळ ओढायची. टोक कायम तिच्याकडे.

"थोडं वर. हां, आता खाली."

खीळ काही त्याच्या हाती लागेना. तो बोटांनी चाचपत राहिला. तिचे दंड भरून आले, तरी तिने टोक खाली येऊ दिलं नाही.

तेवढ्यात पलीकडे विंच घरघरलं. दोर ओढून ग्लायडर वर चढवणारं ते यंत्र त्याने आयुष्यभर ऐकलेलं. त्याचा हात थांबला.

"हे आपलंच विंच."

"हो."

"तुला हँगर दिसतंय?"

"दिसतंय हो."

डोळे बारीक करून तो बराच वेळ तिकडे बघत राहिला. मग पंखावरून हात फिरवत तिच्यापर्यंत आला.

"जा, खीळ तू काढ. मी धरतो."

टोक हातात येताच तो खांद्यातून वाकला.

"विकून टाकू," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "एवढं जड असतं हे? कधी बोलली नाहीस."