टेकाडीवरची मुलाखत

मुलाखत उद्या होती. नागभीडला मावशीच्या घरी बसून ती निवांत द्यायची, असं आचलनं ठरवलं होतं. पण मोठ्या लोकांच्या घड्याळाला कोण विचारणार? दुपारी तीनला नागपूरहून कॉलेजच्या सरांचा फोन आला. मुलाखत घेणाऱ्या फ्रान्सच्या मादामनी वेळ बदलली आहे, आज साडेचारलाच बसायचं, चुकलीस तर जागा दुसऱ्याची.

एमबीएच्या अख्ख्या वर्गातून सहा महिने फ्रान्सला शिकायला दोघांनाच पाठवणार होते. एक जागा भरली होती. दुसरीसाठी आचल दीड वर्ष फ्रेंच घोकत होती, कारण मुलाखत सगळी त्याच भाषेत. आता दिवाळीसाठी ती गावी आलेली, आणि गावात साधा फोन लागायचा, नेटच्या नावानं बोंब. बाप केवळराम तलावातली मासळी मोटरसायकलवर लादून बाजारात गेलेला. नागभीडची बस केव्हाच निघून गेली होती. नेट मिळायचं एकाच जागी, तलावामागच्या टेकाडीवर. आणि त्याच टेकाडीमागे परवा वाघानं बैल मारला होता. तिकडे कोणी फिरकू नका म्हणून वनखात्याची गाडी भोंग्यावरून ओरडून गेली होती.

आचल रडकुंडीला आली. तिची आई कुंता उठली. कोपऱ्यातली काठी घेतली, पायात चप्पल सरकवली आणि निघाली.

मोहाची फुलं वेचायला जंगलात जाणाऱ्या बायांची एक रीत असते. एकीनं मोठ्यानं बोलत राहायचं, दुसरीनं दर वाक्याला हो म्हणायचं. माणसांचा आवाज आला की वाघ सहसा वाट सोडतो, आणि हो ऐकू आला की सोबतीण जागेवर आहे हे कळतं. विषयाला तोटा नसतो, शेजारणीच्या सुनेवर दोन टोपल्या मोह सहज वेचून होतो.

"तू वर बस, मी खाली हाव," टेकाडीवर पोचल्यावर कुंता म्हणाली. "मोठ्यानं बोल अना थांबू नको."

बरोबर साडेचारला पडद्यावर मादाम आल्या. नीटनेटकी खोली, मागे पुस्तकं. आचल बोलायला लागली ती थेट शेताच्या बांधावरून हाक मारावी त्या आवाजात. गावच्या मासेमारी सोसायटीबद्दल बोलली, बाजारपेठेबद्दल बोलली. तिचं फ्रेंच वाक्य संपलं की खालून कुंताचा हो यायचा. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हो कसा, खणखणीत.

मादामच्या कपाळाला आठी पडली. तिथं कोणी आहे का, कोणी तुला उत्तरं सांगतंय का, त्यांनी विचारलं. नाही नाही म्हणताना आचलनं घाबरून एकदा खाली पाहिलं, आणि लेकीचं ते तोंड कुंतानं पाहिलं. आपला आवाज पोरीला नडतो आहे, एवढं समजायला फ्रेंच यावं लागत नाही. पुढचा हो हळू आला. त्याच्या पुढचा आलाच नाही.

मादामनी शेवटचा प्रश्न टाकला होता. परक्या मुलखात सहा महिने एकटी राहू शकशील का? हे उत्तर तर आचलला झोपेतही पाठ होतं. मी स्वतंत्र आहे, मी जबाबदार आहे. तेवढ्यात खालच्या झाडावर वानर खाकरलं. एकदा, मग लागोपाठ. वानर असं कशाला ओरडतं हे त्या गावात लहान लेकरालाही ठाऊक असतं. तरी आचल आणखी दोन वाक्यं बोलली. लाज वाटावी अशी गोष्ट, पण बोलली. मग मात्र तिला राहवेना, तिनं मान वळवली.

कुंता पाठमोरी उभी होती. काठी दोन्ही हातांत आडवी धरलेली, तोंडून हूं की चूं नाही. समोर पंधरा पावलांवर, झुडपांत, पट्टे होते.

आचल फोनसकट धावत सुटली. तोंडात जे होतं तेच ओरडत सुटली, मी स्वतंत्र आहे, मी जबाबदार आहे, तेही फ्रेंचमध्ये. कुंताला कंठ फुटला, तिनं काठी दगडावर आपटायला सुरुवात केली. वाघानं दोघींकडे पाहिलं, घाई न करता उठला आणि नाल्याकडे उतरला.

"आवाज काऊन बंद केला?" आचल ओरडली. "तुले नेलं असतं ना त्यानं."

"नेलं असतं तं नेलं असतं. तू काऊन उठली? एवढी दीड वर्सं मेहनत केली, ते मातीत घालाले?"

आचलला राग आला, रडू आलं, आईला एक ठेवून द्यावी असंही वाटलं. तिनं आईचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

फोनमध्ये मादाम उभ्या राहिल्या होत्या. त्या बाई ठीक आहेत ना, त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. ती माझी आई आहे, तिला फ्रेंचचा एक शब्द येत नाही, समोर वाघ होता, असं आचलनं जमेल तसं सांगितलं. मादाम म्हणाल्या, आपण इथंच थांबू. आचल म्हणाली, नको, शेवटचं उत्तर राहिलंय.

"मला एकटं राहता येत नाही, मादाम. मी आजवर कधी एकटी राहिलेच नाही. तुमच्याकडे आले तर शिकेन."

फ्रेंच तीन जागी चुकलं. मादामनी काहीतरी लिहिलं आणि त्या म्हणाल्या, जानेवारीत आमच्याकडे कडाक्याची थंडी असते, गरम कपडे भरपूर आण.

"काय म्हणते ते बाई?" कुंतानं विचारलं.

"ये म्हणते."

कुंता मटकन खाली बसली. वाघासमोर न आलेलं रडू तिला आता आलं, आणि ते काही केल्या थांबेना. रडता रडताच तिनं लेकीपुढे हात केला.

"उठव मले. अंधार व्हाच्या आत घरी जा लागते."