पिशवीतली जॅकेटं

नवी वस्तू घरात आली की तिचं प्लास्टिक काढायचं नाही, हा आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा अलिखित कायदा! आमच्या ओळखीचा एक फर्निचरवाला तर त्या कायद्याचा रखवालदारच. त्याच्या घरच्या सोफ्यावर पाहुणा टेकला की चरचर आवाज येई. हौसेने घेतलेल्या मोटरबोटीची लाइफ जॅकेटंही त्याने तशीच, सीलबंद पिशव्यांत, सीटखाली कोंबून ठेवली होती.

त्या रविवारी तलावावर वारा सुटला होता आणि फर्निचरवाल्याच्या जिवाला चैन नव्हती. वारा वाढायच्या आत बायको, लेक चिमी आणि सासूबाईंना एक फेरी मारून आणायची त्याला घाई. सासूबाई मात्र काठावर पाय रोवून उभ्या. त्यांचा सगळा जन्म मुलांना पोहायला शिकवण्यात गेलेला.

"जावईबापू, जॅकेट घातल्याशिवाय मी बोटीत पाय ठेवणार नाही."

"अहो आई, नवी कोरी आहेत ती! घामाने खराब होतील. गरज पडली तर काढू की."

"म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणार?"

"जाऊ दे ना गं आई," बायको म्हणाली. "मला काय पोहता येत नाही? तूच तर शिकवलंस."

सासूबाईंनी पर्समधल्या कात्रीने दोन पिशव्या कापल्या. एक जॅकेट नातीला चढवलं, दुसरं स्वतःला. बायको मात्र काही ऐकेना. फर्निचरवाल्याने कपाळाला आठ्या घालतच बोट सोडली.

तलावाच्या मध्यावर वाऱ्याने जोर धरला. लाटा आडव्या यायला लागल्या, आणि नेमकी तेव्हाच मोटर बंद पडली. फर्निचरवाल्याने ती सुरू करायची दोरी ओढली, पुन्हा ओढली. "थांबा, मी बघते," म्हणत बायको उठली, बोट कलंडली आणि ती धपकन पाण्यात!

पाणी गारढोण होतं. तिचा श्वासच अडकला. भिजलेले कपडे खाली ओढायला लागले. एवढी सराईत पोहणारी, पण तिचं डोकं घटकेत दिसे, घटकेत नाहीसं होई.

"आई!" चिमी किंचाळली.

"चिमे, खाली बस, हलू नकोस!" सासूबाईंनी तिला घट्ट धरलं.

फर्निचरवाला सीटखालची पिशवी फाडायला लागला. ओली बोटं निसटत होती. त्याने दात लावले, तरी ते जाड प्लास्टिक फाटेना, आणि कात्री तर काठावरच्या पर्समध्ये राहिलेली! समोर बायको बुडतेय आणि आपण पिशवीशी झटतोय!

"पिशवीसकट फेका! तरंगेल ती!" सासूबाई ओरडल्या.

त्याने फेकली. बायकोने ती कवटाळली. मग वल्ह्याच्या आधाराने तिला जवळ ओढून दोघांनी मागच्या बाजूने वर घेतलं. वल्हवत वल्हवत त्यांनी काठ गाठला.

काठावर बायको टॉवेलात कुडकुडत बसली. फर्निचरवाल्याला एका जागी उभं राहवेना.

"चुकलं माझं, आई. जॅकेटांची काळजी केली, हिची नाही केली."

"पोहता येणं वेगळं आणि बेसावध पाण्यात पडणं वेगळं," सासूबाई म्हणाल्या. "मीही लेकीपुढे नमले, तिथेच चुकले. काठावर कोणाचीही भीड धरायची नसते."

शेजारीच एक कुटुंब बोटीत चढत होतं. जॅकेटं तळाशी पडलेली. फर्निचरवाला धावतच गेला.

"अहो, आधी ती घाला! पाण्यात गेल्यावर वेळ मिळत नाही."

"काळजी नको," तो गृहस्थ हसला. "आम्हाला सगळ्यांना पोहता येतं."

"माझ्या बायकोलाही येतं!"

गृहस्थाने टॉवेलातल्या त्या बाईकडे पाहिलं. तिचे ओठ अजून निळे होते. त्याचं हसू मावळलं. त्याने खाली वाकून एक जॅकेट उचललं आणि मुलाच्या अंगात घातलं.

मंडळी, बोटीत पाय ठेवण्याआधी जॅकेट अंगावर हवं आणि पट्टे आवळलेले हवेत. मग पोहता येवो वा न येवो, आणि सहल घटकाभराची का असेना!