कोंबडीचा खोकला

“अगं ए टवळे, किती खोकशील? रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाहीस. छातीचा फोटो काढ म्हणून सांगितलं होतं, काढलास का?”

आई हे लाल कोंबडीला म्हणत होती. कोंबडी मागच्या भिंतीवर बसून पिसं साफ करत होती. तिला खोकलाबिकला काही नव्हता.

भिंतीपलीकडे भांडं आपटलं. मग काकूचा आवाज आला. “काढला गं बाई, काढला. उद्या रिपोर्ट देणारेत. आता हो चालती, माझ्या धुतलेल्या कपड्यांवर घाण करू नकोस.”

“कळलं की सांग. नाहीतर बसशील तशीच, तोंडात गुळणी धरून.”

“सांगते की. मरायच्या आधी सांगते.”

“तू कसली मरतेस. चिवट मेली.”

कोंबडी कंटाळून काकूच्या बाजूला उडी मारून गेली. तिकडे तिला दाणे मिळतात. आईला हे माहीत आहे. दाणे कमी पडले की आई कोंबडीला विचारते, “तिकडं दुष्काळ पडलाय का?”

हे आमच्याकडे रोज चालतं. आईचं नि काकूचं बोलणं मी पाचवीत असल्यापासून बंद आहे. बाबा नि काका सख्खे भाऊ, घरं पाठीला पाठ लावून, मधे पाण्याची एकच मोटार. त्या मोटारीवरून दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या, आणि आठवड्याभरात मधे भिंत उभी राहिली. बायकांचं खरं तर काही नव्हतं. पण त्या गोंधळात काकू आईला म्हणाली, “मेलेल्यांच्या चादरी धुणारी बाई, तू मला शिकवू नकोस.”

आई मोठ्या दवाखान्याच्या धुलाईत आहे. चादरी, हिरवे डगले, उशांचे अभ्रे. तिथली मशिनं दिवसभर धडधडतात, त्यामुळे तिला हळू बोलताच येत नाही. तेव्हाही ती ओरडलीच असणार. म्हणाली, “या बाईशी पुन्हा एक शब्द बोलले तर माझी जीभ झडेल.” एकदा म्हणाली म्हणजे म्हणाली. जीभ अजून जागेवर आहे. कोंबड्यांनी मात्र असलं काही कबूल केलेलं नव्हतं.

आई बोलली की अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. नळावर पोरी मला विचारतात, “काय गं, तुमच्या कोंबडीचा गुडघा बरा आहे का आता?” एकीच्या डोक्यावर मी बादली उपडी केली होती. तिची आई घरी भांडायला आली, तर माझ्या आईनं तिलाही कोंबडीवरून सुनावलं.

मी शाळा सोडली तेव्हापासून कोंबड्यांची घाण काढणं माझ्याकडे आलं. “घरीच बसायचंय ना, मग काढ,” असं बाबा म्हणाले. घाण काढायची मी, टोमणे ऐकायचे मी, आणि भांडायची मजा या दोघींना. शेवटी मीच फोनवर शोधून तयार खुराडं विकणाऱ्याला बोलावलं. बाबा लगेच हो म्हणाले. बाबा दुकानांची शटरं दुरुस्त करतात. जे जे बंद होतं ते ते त्यांना आवडतं.

त्याच संध्याकाळी तो जाळीवाला टेम्पो घेऊन आला. पट्ट्या, जाळ्या, पत्र्याचं छप्पर असं सगळं खाली उतरवलं आणि बघता बघता बोल्ट आवळून पुढच्या अंगणात खुराडं उभं केलं. पायावर उभं, हिरवं, अगदी नवीन. आई नुकती कामावरून आली होती. दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

“ताई, हा खालचा ट्रे ओढायचा, घाण बाहेर. हात लावायला नको,” जाळीवाला म्हणाला. “आणि अंडं घातलं की ते आपोआप घरंगळत या पन्हळीत येतं. कोंबडीला हलवायची गरजच नाही.”

“आणि तिला हलावंसं वाटलं तर?”

“कशाला वाटेल? दाणा आत, पाणी आत, सगळं आत.”

“मग तूच जाऊन बस की.”

जाळीवाला हसला. बाबा हसले नाहीत. ते दाराचा खटका लावून बघत होते. लावला, काढला, परत लावला. “खटका झकास आहे,” ते म्हणाले. “इथंच पुढं ठेवायचं. मागं नको. त्या लोकांच्या भिंतीला आपलं पीससुद्धा लागता कामा नये.”

“मला विचार करू दे,” आई म्हणाली.

“विचार कसला करायचाय त्यात?” मी म्हटलं. “रोज उठून भिंतीवर तोंड वाजवायचं तरी बंद होईल.”

“तुझं तोंड बंद करायला मिळतं का गं असलं एखादं? तेही घेऊन टाकू.”

जाळीवाल्यानं अशी घरं बरीच पाहिली असावीत. “ठेवून जातो,” तो म्हणाला. “परवा सकाळी येतो. पटलं तर ठेवा, नाहीतर मी उचलून नेतो.”

कोंबड्या मीच पकडून आत घातल्या. लाल कोंबडीनं माझा हात फोडला. बाबांनी खटका लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सवयीनं दाण्याची वाटी घेऊन मागं गेली. मी दात घासत होते. मागं कुणीच नव्हतं. भिंतीवर फक्त वाळलेली घाण. आई वाटी धरून उभी. पलीकडे काकू खोकली. आधी बारीक, मग थांबेचना. आईनं वाटी धुण्याच्या दगडावर आपटली. खोकला थांबला. पलीकडेही कुणीतरी श्वास धरून उभं आहे हे मला इकडून कळत होतं.

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. तशीच कामाला निघून गेली. डबा ओट्यावर राहिला.

संध्याकाळी आली तेव्हा चप्पल न काढताच मागं जाऊन आली. मग कणीक तिंबायला बसली. अशी तिंबली की परात सरकत भिंतीला लागली.

“रिपोर्ट आज मिळणार होता ना?” मी म्हटलं.

“कुणाचा?”

“कोंबडीचा.”

आईनं कणकेला आणखी एक बुक्की मारली.

“मी जाऊन विचारून येते,” मी म्हटलं.

“काही नको. तू गेलीस म्हणजे मीच पाठवलं असं होईल.”

“मग भिंतीपाशी उभी राहून बादलीला विचार.”

“बादलीला खोकला होतो का? मी काय वेडी आहे?”

“एवढी काळजी आहे तर सरळ बोल ना तिच्याशी.”

“काळजी कुणाला आहे?” आई इतक्या जोरात ओरडली की बाहेर कोंबड्या फडफडल्या. “मरू दे मेली तर. शेवटी चादर माझ्याकडेच यायचीय धुवायला.”

तेवढं बोलून ती थांबली. हाताला कणीक तशीच. मग उठली आणि पुढं गेली. मी मागोमाग. बाबा खुराड्याशेजारी स्टूल टाकून बसले होते. आईनं त्यांच्या नाकासमोर खटका काढला, आत हात घातला आणि लाल कोंबडी बाहेर ओढली.

“ए, काय चाललंय?” बाबा म्हणाले. “खुराडं ठेवायचं ठरलंय.”

“तुमचं ठरलंय. तुम्ही गावाची शटरं लावा. माझ्या कोंबड्यांना नको.”

“एवढं काय अडलंय तुझं मागं?”

“त्या बाईला चार शब्द ऐकवायचेत.”

“हां, मग ऐकव,” बाबा म्हणाले, आणि परत स्टुलावर बसले.

आईनं कोंबडी भिंतीवर ठेवली आणि तिची तंगडी धरून ठेवली, उडू नये म्हणून.

“काय गं? कागद हातात आला आणि वाचा गेली का? काय निघालं?”

मी भिंतीला कान लावायला गेले तर आईनं कोपरानं ढकललं. मग काकू बोलली, एकदम हळू. कोंबडीला ऐकू जाईल एवढंच.

“डाग निघालाय म्हणतात. आणखी तपासायला मोठ्या दवाखान्यात जा म्हणतात. मी काही जात नाही. एवढे जिने, एवढ्या खिडक्या. माझ्याबरोबर यायला कुणाला वेळ आहे? तू जा गं बाई तुझ्या घरी. इकडं दाण्याची सवय लावून घेऊ नकोस आता.”

आईच्या हातावरची कणीक वाळून तडकली होती. तिनं कोंबडीची तंगडी सोडली नाही.

“नाटकं करू नकोस,” ती ओरडली. आवाज फाटला, तरी ओरडली. “म्हणे जात नाही. सकाळी माझ्या कामावर जायच्या वेळेला गुपचूप बाहेर येऊन उभं राहायचं. पायात धड चपला घाल. आणि उपाशीपोटी ये, रक्त घेतात. आली नाहीस तर मान मुरगाळीन.”

कोंबडी कॉक करून ओरडली. तंगडी फार आवळली गेली असणार.

“बघू,” काकू म्हणाली.

“बघू नाही. यायचं.”

आत आल्यावर बाबांनी विचारलं, “ऐकवलंस ना?” आई म्हणाली, “ऐकवलं.” आणि पोळ्या लाटायला बसली.

सकाळी जाळीवाला आला तेव्हा आई निघण्याच्या गडबडीत होती. बाजाराची कापडी पिशवी घेतली, लाल कोंबडी तिच्यात बसवली, मुंडकं तेवढं बाहेर ठेवलं. बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस.

“कोंबडी घेऊन कुठं?”

“दवाखान्यात.”

“कोंबडी?”

“तिला बरं नाही,” मी म्हटलं.

बाबा फाटकापर्यंत आले. गल्लीच्या तोंडाशी काकू उभी होती. हातात रिपोर्टाचं मोठं पाकीट, पायात काकाच्या चपला. मी तिला इतक्या दिवसांनी नीट पाहिलं. भिंतीपलीकडून ती जाडजूड वाटायची. तसं काहीच राहिलं नव्हतं.

आई तिच्याजवळून सरळ पुढं निघून गेली. काकू दोन पावलं मागं ठेवून चालायला लागली.

“लवकर चल गं, टवळे,” आई पिशवीत बघून ओरडली. “मला कामाला उशीर होईल.”

“चालतेच आहे,” काकू पिशवीला म्हणाली. “तुला काय, बसून चाललीस.”

बाबांच्या गालावरचा फेस वाळत आला होता. जाळीवाला खुराड्यावर हात ठेवून उभा होता. “काय ठरलं मग साहेब?”

बाबा गल्लीकडेच बघत होते. “कोंबडी दवाखान्यात गेलीय,” ते म्हणाले. “तुम्ही आत्ता हे घेऊन जा.”

“पण बाकीच्या तर आतच आहेत.”

मी खटका काढला. बाकीच्या बाहेर आल्या आणि घराला वळसा घालून मागं पळाल्या.

तिकडे वळणाशी काकूला खोकल्याची उबळ आली. ती एका हातानं विजेचा खांब धरून वाकली. आई पुढं गेली होती, ती थांबली. मागं वळून बघितलं नाही. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि फिरवून धरली, कोंबडीचं तोंड काकूकडे होईल अशी.