इथं सिगार चालेल का?

दातांच्या डॉक्टरांनी गावातल्या निम्म्या लोकांची तंबाखू सोडवली होती. खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाला तोंड उघडं असताना उलट बोलता येत नाही, याचा पुरेपूर फायदा घेऊन ते व्याख्यान झोडत आणि शेवटी म्हणत, "चूळ भरा." हेडमास्तरांची जुनी तंबाखू आपण कशी सोडवली हे तर ते कुणाकडे चहाला गेले तरी सांगत. आणि हेच डॉक्टर दरवर्षी बायकोला जग दाखवायचं म्हणून परदेशी निघत, ते खिशात सिगारी घालून. जग राहायचं बाजूला, सिगार ओढायला जागा शोधण्यात दिवस जायचा.

हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. बाईंनी आजवर सख्ख्या बहिणीलासुद्धा त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. त्याबदली यंदा त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली होती. शेवटच्या संध्याकाळचं जेवण त्या म्हणतील तिथं.

जागा त्यांनी आल्या दिवशीच हेरून ठेवली होती. नदीकाठचं लहानसं हॉटेल, खिडकीला लागून दोघांपुरतं टेबल, त्यावर कडक इस्त्रीचं पांढरं कापड. बाई ठेवणीतली साडी नेसून आल्या, बसल्या, मांडीवर रुमालही पसरला. तेवढ्यात डॉक्टरांनी वरच्या खिशातली सिगार वेटरला दाखवली. वेटरनं हसून मान हलवली. आडवी.

"चल, दहा मिनिटांत जागा सापडेल," डॉक्टर म्हणाले. "ओढून झाली की परत इथंच येऊ."

"आणि जेवण?"

"येतोच आहोत की."

डॉक्टर दहा मिनिटं म्हणतात ते 'अजिबात दुखणार नाही' म्हणतात त्याच चालीवर. बाईंना हे माहीत होतं, तरी त्या उठल्या. आपण का उठलो, याचाच त्यांना पुढे रस्ताभर राग येत राहिला.

पहिल्या बारमध्ये सिगारेट चालत होती, सिगार नाही. "दोन्हींतून धूरच निघतो ना?" डॉक्टरांनी वाद घातला. मालकानं आपलं नाक चिमटीत धरून दाखवलं. पुढच्या ठिकाणी टेबलं उघड्यावर होती, पण वर कापडी छत होतं आणि तिथल्या कायद्यानं छपराखाली ओढायला बंदी, कापड म्हणजेही छप्परच. बाहेर फुटपाथवर बाक रिकामा होता. तो डॉक्टरांना पसंत नव्हता. त्यांना हातांची खुर्ची हवी होती, समोर पेला हवा होता, पाय लांब करायला जागा हवी होती. सासरी आलेल्या जावयाचेसुद्धा इतके नखरे नसतात.

मग एक अंगण सापडलं. तिथं सगळं होतं, राखेची भांडीसुद्धा. डॉक्टर खुर्ची ओढणार तोच कोपऱ्यातून मराठीत आवाज आला, "अहो, मीठ सरकवा जरा इकडे." डॉक्टर आल्या पावली मागं फिरले.

"असतील कुणीतरी आपल्याकडचे," बाई म्हणाल्या. "ते काय खातात का तुम्हाला?"

"तुला बोलायला काय जातंय? उद्या गावभर झालं तर दवाखान्याला टाळं लागेल."

पोटात कावळे कोकलत होते, नव्या चपलेनं टाच सोलली होती. बाईंना आता रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. वर्षभर ज्या जेवणाची वाट पाहिली ते असं फरफटत चाललं होतं, आणि नवऱ्याच्या ते गावीही नव्हतं.

शेवटी एका सिगारच्या दुकानामागची खोली मिळाली. चामड्याच्या खुर्च्या, मंद दिवे, खायला फक्त खारे शेंगदाणे. डॉक्टरांनी सिगारचं टोक कापलं, पेटवली, पाय ताणले आणि डोळे मिटले. बाई शेंगदाणे चावत बसल्या.

दुसरा झुरका झाला असेल नसेल, दारातून आवाज आला, "डॉक्टर? तुम्ही इथं?"

हेडमास्तर होते. मुलाकडे आले होते म्हणे.

डॉक्टरांच्या डोक्याआधी त्यांचा हात चालला. पेटती सिगार बाईंच्या बोटांत आली.

"वहिनी?" हेडमास्तर चाचरत म्हणाले.

'माझी आहे', एवढंच नवऱ्यानं म्हणावं म्हणून बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं त्यांनी तोंड मिटून ठेवलं होतं, त्यानं एकदा उघडायला हरकत नव्हती. डॉक्टरांनी घसा खाकरला.

"काय सांगू मास्तर, हिला कितीदा समजावलं. ऐकतच नाही."

बाईंच्या मनात जे काय शिल्लक होतं ते तिथंच संपलं. त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा उजवा हात आल्यापासून पाठीमागं होता आणि खांद्यामागून धुराची रेघ वर जात होती.

"मास्तर, हात पुढे घ्या, कोट जळेल," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा हात पुढे केला. त्यात चांगली जाडजूड सिगार होती. डॉक्टरांचं तोंड, कुणी सांगितलेलं नसताना, उघडं पडलं.

"आणि ही ह्यांची," बाईंनी हातातली सिगार राखेच्या भांड्यात ठेवली. "आणखी एक वरच्या खिशात आहे. बसा आता दोघं निवांत."

त्यांनी पर्स उचलली.

"अगं, पण तू कुठं निघालीस?"

"जेवायला. माझ्या टेबलावर. ज्याला यायचं असेल त्यानं आधी चूळ भरावी."