नाकारलेला पाहुणा

दुपारी सव्वातीनला आनंदचा मोबाईल थरथरला तेव्हा तो खराडीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होता. विश्रांतवाडीतल्या त्याच्या सोसायटीच्या गेटवरून अॅप विचारत होतं: पाहुणे नागोराव, आत सोडायचं? खाली फोटो. पांढरी टोपी, घामेजलेला चेहरा. अकोल्याहून न कळवता आलेले सासरे.

बायकोच्या, नम्रताच्या डोळ्याखालचा डाग अजून काळानिळा होता. आणखी चार दिवस मिळाले असते तर तो फिका पडला असता. हा हिशेब आपल्याला पाठ झालाय, याची आनंदला लाज वाटली. तरी त्याने 'नाकारा' दाबलं आणि समोरच्या स्लाइडकडे पाहत बसला. म्हातारा कंटाळून परत स्टेशन गाठेल.

सहाला तो गेटवर पोचला, तर नागोराव वॉचमनच्या खुर्चीत बसलेले आणि वॉचमन सर्जेराव शेजारी उभे.

"साहेब, आत सोडलं नाही बरं का," सर्जेराव म्हणाले. "अॅप बसवलं तेव्हा तुम्हीच शिकवलंत, नकार आला की सख्खा बाप असला तरी बाहेर. पाणी तेवढं दिलं. त्याला काही बटण नाही तुमच्या अॅपात."

नागोराव उठले. "मशीन बिघडलं असंल, जावईबापू. दोन दिवस झाले, पोरीचा फोनही लागत नाही. म्हटलं, जाऊनच पाहू."

"हो ना, सर्व्हर डाउन होता," आनंद म्हणाला. सर्जेरावांनी मान दुसरीकडे वळवली. आनंदने घाईने सासऱ्यांचा हात धरला.

"बाबा, दमला असाल. आधी समोर चहा घेऊ."

"चहा पोरीच्या हातचा घेईन."

ते लिफ्टने वर गेले. चौथ्या मजल्यावर आनंद मागे रेंगाळला. नागोरावांनी बेल दाबायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. दाराला बाहेरून कुलूप होतं.

"कुठं गेली ही?"

आतून पावलं दाराशी आली. "बाबा? तुम्ही आहात?"

नागोराव ओरडले नाहीत. टोपी काढून त्यांनी खिशात कोंबली आणि आनंदपुढे तळहात धरला. आनंदने त्यावर किल्ली ठेवली.

"मागं व्हा," ते म्हणाले.

कुलूप उघडलं, कडी सरकली. नागोरावांनी लेकीची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. आनंद शेजारच्या दारावरची नावाची पाटी वाचत उभा होता.