वकिलाच्या उंबऱ्यावरचा फळा

मी एक जुना फळा आहे. भिंतीला ठोकलेला नव्हे, चौकटीत फिरणारा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मित्रांनो, भिंतीवरच्या फळ्याला एकच तोंड असतं आणि मला दोन आहेत. माझ्या आयुष्यात जे काही बरं-वाईट घडलं, ते या दोन तोंडांमुळेच.

माझा जन्म जुन्या जालन्यातला. तेव्हा आपल्याकडे निजामसरकारचं राज्य होतं. कोर्टाचा कारभार उर्दूत, वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत. काकासाहेब नावाचे एक वकील होते. त्यांची लेक प्रेमला हुशार होती, निदान वडिलांचं तसं मत होतं. तिला मिडलची, म्हणजे हायस्कूलच्या आधीची, परीक्षा द्यायला लावायची असं त्यांनी मनात घेतलं. पण गावातल्या मुलींच्या शाळेत तेवढे वर्ग नव्हते. घरी मास्तर ठेवावा, तर शहाणी होत आलेली मुलगी परक्या पुरुषापुढे बसवायची कशी? मोठ्या घरांतून तेव्हा तसा रिवाज नव्हता.

वकीलसाहेबांनी डोकं चालवलं. धर्मराज सुताराला बोलावून बैठक आणि माजघर यांच्या मधल्या दाराचं माप दिलं. धर्मराजानं सागवानाच्या फळ्या जोडून मला घडवलं, दोन्ही अंगांना काजळी आणि डिंकाचा लेप दिला आणि दोन खुंट्यांवर मला चौकटीत बसवलं. खाली जाड पडदा लावला. आता मास्तर बैठकीत बसणार, मुलगी माजघरात. मास्तरांनी त्यांच्या बाजूला प्रश्न लिहायचा आणि मला फिरवायचं. मुलीनं तो उतरवून घेऊन उत्तर लिहायचं आणि मला परत फिरवायचं. फिरवताना दोघांनीही भिंतीआड सरायचं, असा वकीलसाहेबांचा सक्त हुकूम होता. मला तर स्वतःचा फार अभिमान वाटला. साऱ्या जालन्यात असा फळा दुसरा नव्हता!

मग मास्तर येऊ लागले. वकीलसाहेब प्रत्येकाला माझ्यापुढे उभं करत आणि दोनच गोष्टी विचारत, "शिकलात कुठं? आणि शिकवायची तऱ्हा कोणती?" माजघरातल्या बायका माझ्या मागून कान देऊन ऐकत.

पहिले आले गिरिधर मास्तर. त्यांनी औरंगाबादच्या आपल्या शिक्षणाची गोष्ट सुरू केली ती संपेचना. तऱ्हा विचारल्यावर त्यांनी हातातली छडी माझ्यावर अशी आपटली की माझा लेपच उडाला. "पाठांतर! बिलकुल पाठांतर. न्हाई झालं की ही हाय," असं म्हणाले. पण मुलगी पडद्याआड, मग छडी मारणार कुणाला? ते काही दिवस मलाच झोडपत राहिले आणि मग कंटाळून गेले. त्यांच्यानंतर भालचंद्र मास्तर आले. त्यांचं खानदान मोठं होतं, मामा हैदराबादेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांची तऱ्हा म्हणजे मामांच्या गोष्टी. ओल्या फडक्यानं मला असं खसाखसा पुसत की माझं अंग दिवसभर दमट राही. त्यांना वकीलसाहेबांनी नमस्कार करून वाटेला लावलं.

तिसरे आले सिराजोद्दीन मास्तर. अंगावर धुवट शेरवानी, आवाज हळू. वकीलसाहेबांनी नेहमीचे दोन प्रश्न विचारले.

"माझं सांगण्यासारखं काही न्हाई, वकीलसाहेब," मास्तर म्हणाले. "वालिद, वडील माझे, बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. आता भाई करून राह्यला. मी मिडल झालो, बाकी जे आलं ते वाचून आलं."

"आणि तऱ्हा?"

"वालिदांचीच. बंद घड्याळ कुणी आणलं तर ते आधी इचारायचे, कधीपर्यंत बराबर चाललं? मी बी लेकराला तेच इचारतो. कुठपर्यंत आलं ते दाव. तिथून पुढं दोघं मिळून जाऊ."

माजघरातून प्रेमला पटकन बोलली, "बाबा, हेच ठेवा!" वकीलसाहेब हसले आणि सिराज मास्तर आमच्या घरी शिकवायला येऊ लागले.

मित्रांनो, मी त्यांचा हात अजून विसरलो नाही. उर्दू ते उजवीकडून लिहीत आणि गणित डावीकडून, आणि दोन्हीकडून खडू माझ्या अंगावरून असा हलका जाई की गुदगुल्या व्हाव्यात. चुकलेलं उत्तर समोर आलं की ते पुसत नसत. जिथपर्यंत बरोबर असेल तिथे एक बारीक रेघ मारत आणि म्हणत, "इथवर शाबास. आता पुढं बघ."

आता माझ्या दुसऱ्या बाजूला कोण बसत होतं ते सांगतो. प्रेमला तर होतीच. पण एकट्या मुलीला बसवायचं कसं, म्हणून तिच्या सोबतीला तिची आत्या सगुणाबाई बसायची; हे मास्तरांनाही ठाऊक होतं. सगुणाबाई वकीलसाहेबांची धाकटी बहीण. लहानपणीच लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला आणि ती भावाकडे आली. घरात तिला काम सांगायला सगळे होते, काही विचारायला कुणी नव्हतं. ती मांडीवर सूप घेऊन धान्य निवडत बसे, मास्तरांचा आवाज ऐके आणि माझ्यावर लिहिलेलं टिपत राही.

प्रेमलाचं मन उर्दू वाचण्यात रमे. ती मोठ्यानं आणि गोड वाची. पण गणित आलं की तिला जांभया येत. एकदा तिनं खडू आत्याच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "तू लिही की गं. मास्तरांना काय दिसून राह्यलं?"

सगुणाबाईनं घाबरत घाबरत लिहिलं. चुकलं. मी फिरलो तेव्हा मास्तरांनी बारीक रेघ मारली आणि म्हणाले, "इथवर शाबास, बेटी." माझ्या मागे सगुणाबाईनं तोंडाला पदर लावला. आयुष्यात तिला शाबास म्हणणारा तो पहिला माणूस होता.

त्या दिवसापासून वाचायचं प्रेमलानं आणि लिहायचं सगुणाबाईनं, असं ठरूनच गेलं. सूप बाजूला पडलं. आधी बेरजा-वजाबाक्या, मग अपूर्णांक, मग उर्दूचं लिहिणं, सगळं तिनं एखाद्या उपाशी माणसासारखं गिळलं. मास्तरांना पलीकडून आवाज ऐकू येई तो प्रेमलाचा आणि अक्षर दिसे ते सगुणाबाईचं. त्यांना वाटे, विद्यार्थिनी एकच आहे, आणि ती लाखात एक आहे. ही चूक दुसऱ्या कुठल्या शिकवणीत झाली नसती. माझ्यासारखा फळा दारात होता म्हणून झाली.

एकदा मास्तर गेल्यावर सगुणाबाई प्रेमलाला म्हणाली, "प्रेमे, मुलींच्या शाळेत बाई पाहिजे म्हणून राह्यलेत. मिडल झालेली. मला मिळंल का गं ते काम?"

"मिळंल की! मंग तू मला शिकवशील आणि मास्तर घरी बसतील," प्रेमला हसत सुटली.

सगुणाबाई हसली नाही. "न्हाई गं, खरंच इचारून राह्यले. भावाच्या घरी जन्मभर धान्य निवडायचं न्हाई मला. मास्तरांना खरं सांगू आपण. तेच दादाला समजावतील."

दोघींनी ठरवलं की येत्या शुक्रवारच्या सुट्टीनंतर सांगायचं; निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. मला तर केव्हा एकदा ते होतं असं झालं होतं. पण नेमकं त्याच वेळी मास्तरांच्याही मनात काहीतरी आलं होतं. त्यांना आपल्या विद्यार्थिनीचा इतका गर्व वाटू लागला होता की शुक्रवारीच ते वकीलसाहेबांना म्हणाले, "तुमची बेटी आज परीक्षेला बसली तरी पास हाय. एकदा स्वतः बघा तर खरं!"

वकीलसाहेब इतके खूश झाले की त्यांनी आपल्या दोन वकील दोस्तांनाही बोलावलं. सुट्टी होतीच. बैठक भरली. माजघरात प्रेमला आणि सगुणाबाई एकमेकींकडे बघत राहिल्या. आता सांगावं तर कुणाला?

वकीलसाहेबांनी हाक मारली, "प्रेमला, बाहेर ये. आज मी हाय, लाजू नको. सगळ्यांसमोर एक गणित करून दाव."

प्रेमला डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. मास्तरांनी तिला पहिल्यांदाच पाहिलं आणि नजर खाली केली. एका वकिलानं मोठ्यानं गणित घातलं. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, आणि खालची मोरी भरलेला हौद बारा तासांत रिकामा करते. तिन्ही उघडी ठेवली तर हौद किती वेळात भरेल?

प्रेमलानं खडू हातात घेतला. माझ्या अंगावर चार, सहा आणि बारा असे आकडे लिहिले आणि थांबली. पुढे काही येईना.  वकील दोस्त आपसात कुजबुजू लागले.

आणि तेवढ्यात माझ्या मागच्या बाजूला खडू वाजू लागला.

सगुणाबाईला राहवलं नव्हतं. गणित तिनं पलीकडून ऐकलं होतं आणि ती लिहीत होती. एक चतुर्थांश, एक षष्ठांश, त्यातून एक द्वादशांश वजा. तिला वाटलं असेल, कुणीतरी मला फिरवेल आणि पोरीची लाज राहील. माझ्या पाठीवर उत्तर उमटलं, तीन तास. आणि समोरच्या बाजूला नुसते तीन आकडे.

वकीलसाहेब संतापानं लाल झाले होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही. "मास्तर! तुमीच लिहून तुमीच वाहवा करून राह्यलता काय? माझ्या घरात बसून मलाच फसवलं?"

पण मास्तरांनी ऐकलं होतं. मुलगी समोर उभी आणि खडू मागे वाजतोय. एका क्षणात त्यांना सगळं उमगलं, हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. ते पुढे आले. त्यांनी माझ्या चौकटीवर हात ठेवला. फिरवा, मास्तर, मी मनात ओरडत होतो, फिरवा मला! एक हिसका पुरे होता, त्यांचा खरेपणा माझ्या पाठीवर लिहिलेला होता.

त्यांची बोटं चौकटीवर थोडा वेळ राहिली. मला फिरवलं असतं तर भरल्या बैठकीत, दोन परक्या माणसांसमोर, खडू हातात घेतलेली वकिलाची विधवा बहीण दिसली असती. त्या काळात तिचं काय झालं असतं, ते मास्तरांना माहीत होतं.

त्यांनी हात काढून घेतला.

"चूक माझी हाय, वकीलसाहेब," ते म्हणाले. "पोरीला काही बोलू नका."

ते खाली वाकले, जोडे घातले आणि निघून गेले.

शिकवणी बंद झाली. मला उचलून बैठकीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलं. माझ्या खुंट्यांवर अशिलं टोप्या आणि छत्र्या अडकवू लागली. त्यांच्या बोलण्यातूनच मला कळलं की वकिलांनी काढलेल्या मास्तरला जालन्यात कुणी आपल्या मुलांची शिकवणी देत नाही आणि सिराज मास्तर आता भावाशेजारी बसून घड्याळं दुरुस्त करतात. माझ्या अंगावरून हलका जाणारा तो हात आता चिमटे आणि स्क्रू धरत होता. मला फार फार वाईट वाटलं.

हे सगुणाबाईच्याही कानावर आलं. तिनं भावाला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. "लिहिणारी मी होते, दादा. मास्तरांनी काही फसवलं न्हाई. त्यांना बोलावून घ्या, माफी मागा."

वकीलसाहेबांनी समोरचे कागद गुंडाळून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "आता कुठं सांगतीस? लोक काय म्हणतील? झालं ते झालं." पुढे ते बाजारातून जाताना घड्याळाच्या दुकानाकडे बघत नसत, असं अशिलं आपसात बोलत. प्रेमलाचं लग्न झालं, ती सासरी गेली. सगुणाबाईनं पुन्हा सूप हातात घेतलं. मिडलचं नाव घरात कुणी काढलं नाही.

वर्षं गेली. अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य गेलं, गावात भीती पसरली आणि त्या गडबडीत पुष्कळ माणसं इकडची तिकडे झाली. एके सकाळी एका अशिलानं सहज सांगितलं की घड्याळवाल्यांचं बिऱ्हाड गेलं, दुकानाला कुलूप आहे. कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

सगुणाबाई माजघराच्या दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. मग ती सरळ बैठकीत आली. त्या घरात ती पहिल्यांदाच परक्या पुरुषांसमोर अशी आली होती. तिनं माझ्या खुंट्यांवरच्या टोप्या काढून त्यांच्या त्यांच्या मालकांच्या हातात दिल्या. मला ओढत ओढत दाराशी नेलं, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं, पदरानं पुसलं आणि हौदाचं ते गणित पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढलं. रस्त्यानं जाणारे थांबले. एकानं विचारलं, "हे कोणी केलं, बाई?"

"मी केलं," सगुणाबाई म्हणाली. "सिराज मास्तरांनी शिकवलं मला. त्यांनी कुणाला फसवलं न्हाई."

वकीलसाहेब गादीवर बसून होते. म्हातारे झाले होते. त्यांनी तिला थांबवलं नाही. सगुणाबाई दिवसभर दारात उभी राहिली. जो जो विचारी, त्याला तेच सांगे. साऱ्या गल्लीनं ऐकलं. फक्त ज्यानं ऐकायला हवं होतं, तो गावात नव्हता.

मित्रांनो, आता माझा लेप उडाला आहे आणि मला वाळवी लागली आहे. मला रंगवा, मला छपराखाली ठेवा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. ज्यांनी तुम्हाला चार अक्षरं शिकवली, त्यांचं नाव चारचौघांत घ्या. शाळेतले गुरुजी असोत, शिकवणीचे मास्तर असोत. ते अजून तुमच्या गावात आहेत, अजून त्यांना ऐकू येतं, तोवर घ्या. आजच जा.