तिआनमेन चौकात मंडळाचा बॅनर

पद्माकरने सांगायला घेतला तेव्हा तिआनमेन चौक निदान खऱ्या चौकाएवढाच होता. दुसऱ्या चहाला त्यात जर्मनीतलं त्यांचं अख्खं कार्ल्सरूहे शहर मावलं. समोसे येईस्तोवर तर या टोकाहून निघालेल्या माणसाला त्या टोकाला पोचेपर्यंत दाढी फुटायला लागली.

"आणि एकेका दिव्याच्या खांबाला चाळीस कॅमेरे! मी शिंकलो, तर चाळीसच्या चाळीस वळले."

"आठ होते," त्याची बायको चारुलता म्हणाली.

"अगं, तू मोजले कुठे?"

चारुलता विटली होती. नवऱ्याच्या कंपनीच्या कामाला जोडून दोघं बीजिंगला जाऊन आली, त्यानंतरचा हा पाचवा प्रयोग. आज ऊर्मिलाच्या घरी मराठी मंडळाची पंधरा माणसं मांडी ठोकून ऐकत होती. मुळात खोड मंडळाचीच. कुणी प्रवासाला निघालं की मंडळाचा भगवा बॅनर त्याच्या बॅगेत कोंबायचा, आणि नामांकित जागी तो पसरून काढलेला फोटो स्मरणिकेत छापायचा. आयफेल टॉवरपाशी हे खपतं. पण ज्या चौकात शिरताना पाण्याची बाटलीसुद्धा तपासतात, तिथे या गृहस्थाने दोन मीटर कापड फडकवलं आणि वर आरोळी ठोकली, "गणपतीऽऽ बाप्पा!"

"मोरया म्हणायला पाचशे सैनिक धावत आले!"

"दोन पोलीस. तेही बिचारे पोरगेलेसे, आपल्यापेक्षा जास्त घाबरलेले."

"आल्झो," पद्माकरने जर्मन सवयीने पुढचा धागा पकडला, "मग मी चौकीतल्या साहेबाला मंडळाचा इतिहास ऐकवला. त्याच्या डोळ्यांत पाणी!"

"अहो, दोन तास चौकीच्या खोलीत बसवलं, बॅनर ठेवून घेतला आणि थेट मेट्रोत नेऊन घातलं."

"वहिनी, सेन्सॉर नको हं!" मंडळातला गौरांग ओरडला. सगळे खदाखदा हसले.

चारुलताने कप खाली ठेवला. "एकोणनव्वद साली मी पुण्यात होस्टेलला होते. जूनमध्ये पेपरात वाचलं. त्या चौकात लोकशाही मागायला बसलेली, सैन्याने गोळ्या घातलेली पोरं आमच्याच वयाची होती. तेव्हापासून मनात होतं, एकदा तिथे जाऊन मिनिटभर गप्प उभं राहायचं. बाकी काही नाही. पंचवीस वर्षं थांबले. आणि पोचून जरा उभी राहते, तोच ह्यांनी बाप्पाला हाक मारली."

समोसे चावायचे थांबले.

"हे तू मला कधी बोलली नाहीस," पद्माकर पुटपुटला.

"तुम्ही श्वास घ्याल तर बोलेन ना!"

त्याने बशी बाजूला सारली. "खरं सांगू? त्या खोलीत माझे पाय लटपटत होते."

"मग तेवढंच सांगा की लोकांना."

"लटपटत होते म्हणजे," त्याने मान वर केली, ऐकणाऱ्यांतला सुमित पुढे सरकला, "इतके, की टेबलावरचा चहा हिंदकळला. साहेबाला वाटलं भूकंप! त्याने अख्खी इमारत रिकामी केली..."

चारुलता कोट चढवून बाहेर पडली. ट्रामच्या थांब्यावर चार माणसं होती, चारही जर्मन. कुणी कुणाशी अवाक्षर बोलत नव्हतं. ती त्यांच्या शेजारी जाऊन गप्प उभी राहिली. पहिली ट्राम आली, ती तिने जाऊ दिली.